उजेड हवा तो सकाळी

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे केली जातात आणि अंधार लवकर पडू लागतो. तेव्हा संध्याकाळी घरातले सगळे दिवे लख्ख लावा, उदासी पळेल, असा सल्ला हिवाळ्यातल्या उदासीवरच्या एका लेखात वाचला, तो मला पटला नाही. शरीराच्या घड्याळाला उजेड हवा असतो तो सकाळी. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला, तर झोप पुढे ढकलली जाते आणि सकाळी उठणं जिवावर येतं. आम्ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतो. डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात सासूबाई चार वाजताच पडदे ओढून गप्प बसायच्या. आता उजाडलं की कोट, कानटोपी चढवून आम्ही दोघी नदीकाठी चक्कर मारतो, आभाळ भरलेलं असलं तरी. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या फेरीनंतर त्या आपणहून बोलायला लागतात, हे मी रोज बघते.

आणि त्या लेखात ड जीवनसत्त्वाचा उल्लेख हवाच होता! ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून ते पुरेसं मिळत नाही. म्हणून इथली सरकारी आरोग्यसेवा या काळात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करा म्हणते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर.