बोटॉक्स स्नायूवर चालतं, कातडीवर नाही

सुरकुत्या घालवायला टोचतात त्या बोटॉक्सबद्दल दोन टोकांची मतं सर्रास ऐकू येतात. एका बाजूला "विष आहे ते, चेहरा वाकडा होईल" आणि दुसऱ्या बाजूला "दहा मिनिटांचं काम, सकाळी टोचून घ्या आणि संध्याकाळी कार्यक्रमाला जा". माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गफलत आहे. सुई कपाळाच्या कातडीतून आत जाते, म्हणून औषधही कातडीवर काम करतं असं लोक धरून चालतात. ते काम करतं कातडीखालच्या स्नायूवर. एवढं नीट समजलं की बाकीचे बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून मिळतो, ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. हे रसायन बाहेर सोडायला स्नॅप-२५ नावाचं प्रथिन लागतं. बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन हे विष नेमकं तेच कापतं. निरोप पोचत नाही, स्नायू सैलावतो आणि वरची कातडी चुरगळायची थांबते. यात काही भरलं जात नाही, काही ताणलं जात नाही. त्यामुळे "ओठांत बोटॉक्स भरलं", "गाल बोटॉक्सने फुगवले" ही वाक्यं चुकीची आहेत. भरतात ते फिलर, बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. दोन्हींचे धोकेही वेगळे. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पण हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतं. बोटॉक्स असं विरघळवता येत नाही. चुकलं तर उतरेपर्यंत थांबावं लागतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमाचं म्हणाल, तर फरक साधारण दोन ते पाच दिवसांनी जाणवायला लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी "काहीच झालं नाही, अजून टोचा" म्हणून हट्ट धरणाऱ्याला आणि तो पुरवणाऱ्याला, दोघांनाही थांबवायला हवं. फेरतपासणी चौदाव्या दिवसाच्या आसपास, त्याआधी वाढीव डोस नाही.

आता कुठल्या सुरकुत्या जातात ते. आरशासमोर उभं राहा, भुवया आवळा आणि मग चेहरा सैल सोडा. आवळताना पडणाऱ्या आणि सोडल्यावर जाणाऱ्या आठ्यांवर बोटॉक्स छान चालतं. चेहरा शांत असतानाही जी घडी तशीच राहते, ती फिकी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. उन्हाने कातडी पातळ होऊन गालांवर पडलेल्या बारीक रेघांवर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे सनस्क्रीन, रेटिनॉइड, लेझर हे मार्ग. "बोटॉक्ससारखा परिणाम" असं छापलेल्या क्रीमबद्दल एवढंच सांगतो की एवढा मोठा रेणू शाबूत कातडीवर नुसता चोळून स्नायूपर्यंत पोचत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो डोसचा. लोक विचारतात, "किती इंजेक्शनं?" विचारायला हवं, "कुठल्या ब्रँडची किती युनिटं?" दोन भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस २० युनिट आहे. पाच जागा, प्रत्येकी ४ युनिट. एक मधोमध नाकाच्या मुळापाशी प्रोसेरस स्नायूत आणि दोन-दोन दोन्ही बाजूंच्या कॉरुगेटरमध्ये, म्हणजे भुवया आवळणाऱ्या स्नायूत. याच जागी डिस्पोर्ट हा दुसरा ब्रँड वापरला तर डोस ५० युनिट. म्हणजे डिस्पोर्ट अडीच पट कमजोर आहे किंवा ते अडीच पट जास्त टोचलं, असं काही नाही. दोन्हींची युनिटं मोजण्याची पद्धतच वेगळी आहे, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

"डॉक्टरने पाणी घालून पातळ केलं" ही तक्रारही याच गोंधळातून येते. कुपीत येते ती कोरडी पूड. तिच्यात ०.९ टक्के सलाइन घालावंच लागतं. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिली घातलं की ०.१ मिलीमध्ये ४ युनिट येतात, ५ मिली घातलं की २ युनिट. युनिटं तेवढीच दिली तर यात फसवणूक काही नाही, फक्त जास्त पातळ केलेलं औषध जास्त पसरतं. फसवणूक होते ती सिरिंजवर पैसे घेऊन युनिटं न सांगितल्यावर.

हे पसरणं महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांना धास्ती असलेली पापणी त्यातूनच उतरते. कॉरुगेटरमधलं औषध खाली झिरपून वरची पापणी उचलणाऱ्या लेव्हेटर स्नायूपर्यंत गेलं की पापणी दोन-तीन मिलिमीटर खाली येते. म्हणून भुवईच्या बाजूचे टोचे डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडापासून किमान १ सेंटीमीटर वर द्यायचे असतात. तरीही झालंच, तर ॲप्राक्लोनिडीनचे थेंब दुसऱ्या एका छोट्या स्नायूला चेतवून पापणी एखाद-दोन मिलिमीटर वर आणतात आणि काही आठवड्यांत ती मूळ पदावर येते. लकवा वगैरे काही नसतो.

आडव्या आठ्यांचं कपाळ मला जास्त अवघड वाटतं. भुवई वर उचलणारा मोठा स्नायू एकच, फ्रंटॅलिस. भुवई खाली खेचणारे मात्र अनेक. आठ्या घालवायच्या नादात फ्रंटॅलिस पार निजवला की खाली खेचणाऱ्यांचं फावतं, भुवया जड होतात आणि डोळे झोपाळलेले दिसतात. ज्यांच्या पापण्या आधीच सैल आहेत आणि जे नकळत कपाळ ताणून डोळे उघडे ठेवतात, त्यांच्यात हे हमखास होतं. अशांना "कपाळाला नको" म्हणून सांगणारा डॉक्टर शहाणा समजावा. याउलट फक्त मधलं कपाळ टोचून कडेचं सोडलं तर भुवईची शेपटी खलनायकासारखी वर चढते. ते दुरुस्त करायला कडेला एक-दोन युनिट पुरतात. पुतळ्यासारखा चेहरा हाही डोसचा आणि जागेचा प्रश्न. काहींना तोच हवा असतो, ही गोष्ट वेगळी.

"एकदा घेतलं की सोडता येत नाही, सोडलं की दुप्पट सुरकुत्या येतात" हे साफ खोटं. मज्जातंतूचं टोक तीन-चार महिन्यांत पुन्हा निरोप द्यायला लागतं आणि आठ्या होत्या तशा परततात. मधले महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, म्हणून जुन्याच आठ्या जास्त वाटतात. तीन महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा टोचून घेणं मात्र टाळावं. क्वचित शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि मग ते लागू पडेनासं होतं.

आणि विष? आहेच. १०० युनिटच्या कुपीत सुमारे ५ नॅनोग्रॅम. जुनाट मायग्रेनसाठी हेच औषध १५५ युनिट देतात, म्हणजे भुवयांमधल्या डोसच्या जवळजवळ आठपट. पण म्हणून कुणीही कुठेही टोचावं असं नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायू कमजोर करणारा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असलेल्यांनी घेऊ नये. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर आधी सांगावं. डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो, तेव्हा त्या प्रथिनाची ॲलर्जीही सांगावी.

टोचल्यावर चार तास आडवं होऊ नका, हा सल्ला सगळे देतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण पाळायला कष्टही नाहीत. जागा चोळू नका, हे मात्र मनावर घ्या. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, मग तो काही तासांनी असो वा काही आठवड्यांनी, तर टोचणाऱ्याच्या फोनची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी टोचलेल्या इंजेक्शनांनंतर लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. म्हणून कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा, तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत वाचा, फोटो काढून ठेवा. बॅच क्रमांक, ब्रँड, प्रत्येक जागी दिलेली युनिटं आणि तारीख हे सगळं कागदावर लिहून मागा. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तोच कागद उपयोगी पडेल. आणि कुणी तो द्यायला कां-कूं करत असेल, तर सुई टोचायच्या आधीच खुर्चीतून उठा.