खुलासा: .३८ आणि .३५७ची काडतुसं सरसकट अदलाबदल करता येत नाहीत

‘.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्या गोळीचा व्यास एकच, म्हणून कुठलंही काडतूस कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं’ असा दावा फिरतो आहे. पहिला भाग बरोबर आहे. दोन्हींच्या गोळ्या ०.३५७ इंचाच्याच; .३८ हा आकडा जुन्या काडतुसांच्या पुंगळीच्या (दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या कवचाच्या) बाहेरच्या मापावरून आलेला आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो कुणाचा तरी हात घालवू शकतो.

१९३५मध्ये बाजारात आलेली मॅग्नमची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब आहे. मॅग्नम .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून ही लांबी मुद्दाम वाढवली, कारण अमेरिकी मानकांनुसार मॅग्नमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), तर साध्या .३८ स्पेशलचा १७,०००. म्हणजे दुपटीहून जास्त. हा दाब .३८च्या सिलिंडरसाठी, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागासाठी, नाही.

.३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल मात्र सुरक्षितपणे चालतं. फक्त आखूड पुंगळीच्या पुढे चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात) काजळीचं कडं साचतं आणि नंतर मॅग्नम आत जाताना अडतं, म्हणून सफाई हवी.

‘बसलं म्हणजे चालेल’ हेही खरं नाही. .३८ लाँग कोल्ट या जुन्या काडतुसाच्या काही जुन्या रिव्हॉल्व्हरांचे चेंबर सरळ आरपार कोरलेले असल्याने त्यांत मॅग्नम सहज शिरतं, आणि तिथेच धोका सर्वाधिक. आणखी एक: .३८ स्मिथ अँड वेसन हे वेगळंच, जाड पुंगळीचं काडतूस आहे. रिव्हॉल्व्हरच्या नळीवर कोरलेलं काडतुसाचं पूर्ण नाव वाचा, नुसता आकडा नको.