‘पॉलिटनेलने भाजी भाजून काढली’ या अभिप्रायास दुकानदाराचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडून घेतलेल्या 10 बाय 20 फुटांच्या पॉलिटनेलमध्ये (पाइपच्या कमानींवर प्लास्टिक ताणून केलेल्या बोगद्यासारख्या भाजीघरात) थंडीत मेथी-कोथिंबीर चांगली आली. मात्र एप्रिलमध्ये टोमॅटोची फुले गळाली, गिलक्याला फुले येऊनही फळ धरले नाही, पेपर, म्हणजे वरचे प्लास्टिक, कमानीवर उभा फाटला आणि आम्ही आपणास फसवले, असे आपण लिहिले आहे. पूर्ण पैसे परत मागितले आहेत.

पेपरची चूक सर्वस्वी आमची आहे. उन्हात कमानीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तापतो आणि त्याला टेकलेला पेपर नेमका त्याच रेषेत ठिसूळ होतो. त्यासाठी पेपर चढवण्यापूर्वी कमानीवर फोमची पट्टी चिकटवावी लागते. आपल्या फोटोत ती कुठेच दिसत नाही. आमच्या फिटरने ती लावली नाही आणि काम झाल्यावर मीही पाहायला आलो नाही.

टोमॅटोचे कारण वेगळे आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर राहू लागले की त्याचे परागकण निकामी होऊ लागतात. जळगावात एप्रिलमध्ये बाहेरच पारा 42 च्या घरात जातो, तेव्हा बंद पेपरखाली काय होत असेल, हे सांगायला नको. खान्देशात सांगाडा बारा महिने उभा ठेवावा, पण पूर्ण बंद पेपर दिवाळी ते होळी एवढाच. पुढे पेपरऐवजी सांगाड्यावर 50 टक्क्यांची शेडनेट (निम्मे ऊन अडवणारी सावलीची जाळी) घालावी, आणि पावसाळ्यात पेपर छपरापुरता ठेवून बाजू गुंडाळून वर बांधाव्यात. ‘बारमाही भाजी’ असे आमच्या काउंटरवर आपणास सांगितले गेले असेल, तर ते अर्धेच सांगितले गेले, आणि त्याचा दोष मी आपल्यावर ढकलणार नाही.

गिलक्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात, आणि परागीभवन मधमाश्या करतात. पांढरी माशी येऊ नये म्हणून आपण दोन्ही तोंडांची 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) जाळी सतत बंद ठेवली. त्या जाळीतून मधमाशीही आत येत नाही. वेल फुलावर असताना सकाळी जाळी उघडी ठेवावी, नाहीतर ताज्या नर फुलाचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. देठाशी बोटभर गिलके दिसते, ते मादी फूल. (आमच्या घरी हे काम सकाळच्या चहाआधी आईच करते.)

सांगाडा सुस्थितीत असल्यामुळे पूर्ण रक्कम परत करणे मला मान्य नाही, आणि ‘फसवले’ हा शब्दही मान्य नाही. पेपर मात्र पट्टीसह, मजुरी न घेता बदलून देतो. तो आत्ताच चढवला तर उन्हात फुकट पोळेल, म्हणून दसऱ्यानंतर बसवू. तसे लेखी आजच देतो, आणि तोपर्यंतची शेडनेट आम्हाला पडते त्या भावात मिळेल. येताना बिल आणावे, आणि फाटका पेपर फेकू नये. पावसाळ्यात रोपांच्या ट्रेवर झाकायला तो कामी येतो.