नाशिकरोडला ट्राम होती, आणि आपण बसला एक लेन देऊ शकत नाही

परवा आईला नाशिकरोड स्टेशनला मुंबईच्या गाडीला सोडायचं होतं. नाशकातल्या शालिमारवरून निघालो आणि द्वारका चौकातच पंचवीस मिनिटं गेली, वरून हायवेचा फ्लायओव्हर मोकळा धावतोय आणि खाली आम्ही, बाजूला सिटीलिंकची, म्हणजे महापालिकेची, गच्च भरलेली बस, तीही तिथेच. गाडी मिळाली कशीबशी, पण आई धावत जिना चढली ते बघून फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

नाशिक ते नाशिकरोड या रस्त्याचा जन्मच स्टेशनसाठी आहे हो. रेल्वे गावात आली नाही, आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली, आणि मग गाव आणि स्टेशन जोडायला जो रस्ता लागला त्याच्यावरून त्या स्टेशनलाच नाव पडलं, नाशिकरोड. पुढे तिथे प्रेस आली, 1928 ला नोटांचा छापखाना, कॉलनी, बाजार, एक आख्खं शहर उभं राहिलं. 1982 ला महानगरपालिका झाली आणि दोन्ही एक झाली, तरी आमच्याकडे अजून लोक "जरा नाशकात जाऊन येतो" असंच म्हणतात.

आणि या रस्त्यावर ट्राम होती! मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट स्टेशनपर्यंत. 1889 च्या सुमारास सुरू झाली, आधी चार घोडे ओढायचे. तिच्या कामात जो कॅल्थ्रॉप नावाचा इंजिनीयर होता त्यानेच पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 1930 नंतर दोन-तीन वर्षांत ट्राम बंद पडली. माझी आजी सांगायची की तिच्या वडिलांनी लहानपणी ती बघितलेली, मधे नुसती झाडी आणि संध्याकाळनंतर कोणी एकटं जायचं नाही.

म्हणजे गावात माणसं मोजकी होती तेव्हा सुद्धा लोकांना कळत होतं की या रस्त्यावर सगळ्यांना मिळून नेणारं काहीतरी पाहिजे.

आता मेट्रो निओ, म्हणजे रबरी टायरवर धावणारी विजेची मेट्रो. 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये 2,092 कोटी जाहीर झाले, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. अजून एक खांब उभा नाही. तोपर्यंत काय, वाट बघायची? 2021 च्या जुलैमध्ये सिटीलिंक आली, ती चांगलीय, मी रोज जातो तिने, पण काठे गल्ली सिग्नल, नासर्डी पूल, उपनगर, दत्त मंदिर, सगळीकडे ती पण कारच्या मागेच उभी. पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची कार यांना सारखीच रांग, हे मला पटत नाही.

सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास द्वारका ते नाशिकरोडचा बिटको चौक एक लेन फक्त बस आणि अॅम्ब्युलन्सला ठेवा, बास. कडेला लागलेल्या गाड्या उचलल्या तर जागा निघते, मी रोज बघतो ना. आणि रात्री उशिरा येणाऱ्या गाड्यांना जोडून बस सोडा, साडेअकराला बॅगा घेऊन उतरलेल्या बाईमाणसाने रिक्षावाल्याशी घासाघीस का करत बसायचं?

2027 ला सिंहस्थ आहे. लाखो लोक याच स्टेशनला उतरणार आणि याच रस्त्याने रामकुंडाकडे निघणार. नाशिकरोडच्या, उपनगरच्या, गांधीनगरच्या लोकांनो, आपापल्या नगरसेवकाकडे हा एक विषय घेऊन जा, मी आमच्या प्रभागात सह्या गोळा करायला या रविवारपासून सुरुवात करतोय, दत्त मंदिर स्टॉपवर सकाळी नऊला.