वासावरून भांडण

आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एकच विषय, नळाला वास येतोय. धाकटा चुलतभाऊ म्हणतो गटार मिसळलंय, काका म्हणतात क्लोरीन दुप्पट करा, की झालं. अरे पण वास कसला ते तरी सांगा! ओल्या मातीसारखा, कोंदट कपाटासारखा, असाच ना? मग ते गटार नाही, तलावातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे उद्योग आहेत (शेवाळ पण नाही, बॅक्टेरियाच ते, पण ग्रुपवर एवढं ऐकतंय कोण). त्यातल्या काही जाती जिओस्मिन आणि एमआयबी ही मातकट वासाची रसायनं तयार करतात आणि आपलं नाक त्या बाबतीत इतकं तिखट की लिटरला १० नॅनोग्रॅम असलं तरी बऱ्याच जणांना कळतं. क्लोरीनने तो वास जात नाही, उलट पेशी फुटून आतलं सगळं पाण्यात उतरतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, नाहीतर ओझोन.

एवढं टाइप केलं तर उत्तर काय, "दादा, तुमचं बरंय, तिकडे जपानात सगळं स्वच्छ."

डोकंच फिरलं. मग मी पण सुरू झालो, जपानमध्ये जिओस्मिन आणि एमआयबी दोन्हींची मर्यादा लिटरला १० नॅनोग्रॅम आहे, इथल्या बिवा तलावासाठी शिगा प्रांताने १९७९ मध्ये शेवाळाला खत ठरणाऱ्या फॉस्फेटवाल्या डिटर्जंटवर बंदीचा कायदा केला, त्याआधी घरोघरच्या बायका साबणाची पावडर वापरा म्हणून मागे लागल्या होत्या, तुम्ही नुसते फॉरवर्ड करता वगैरे वगैरे.

सोयीचं तेवढंच सांगितलं. त्याच बिवाच्या पाण्याला १९६९ पासून हा वास येतोय हे गाळलं. जिओस्मिनने अपाय होत नाही हे ठणकावलं, पण याच बॅक्टेरियांच्या काही जाती विषही तयार करतात, वास असो नसो, म्हणजे तपासणी करा असं भावाने म्हटलं तर त्याचं फार चुकत नाही, हेही नाही लिहिलं.

आणि गेल्या ऑगस्टचं तर नाहीच. ओफुरो, म्हणजे आंघोळीचा टब, भरत होतो, गरम पाण्यात वास जास्तच उठतो. इथेच जन्मलेली माझी मुलगी "काबिकुसाई!" (कोंदट वास!) म्हणत नाक दाबून पळाली. पहिल्या पावसात मातीतून येतो तो वास पण जिओस्मिनचाच की. पंधरा वर्षं झाली, जूनमध्ये भारतात गेलेलोच नाही. मी तिथेच काठावर बसलो, पाणी बाहेर वाहायला लागलं तेव्हा नळ बंद केला.