ट्रफाल्गारच्या त्या ‘सोन्याच्या’ तलवारीबद्दल

गेले काही दिवस एका तलवारीचा फोटो ग्रुपांवर फिरतोय. निळंशार पातं, सोनेरी परज, सोनेरी म्यान. खाली मजकूर असा: ‘ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश कप्तानाने फ्रेंचांवर चालवलेली हीच ती तलवार. संपूर्ण सोन्याची. पराक्रमावर खूश होऊन राजा तिसऱ्या जॉर्जने ती बक्षीस दिली. अशा तलवारी फक्त उमरावांच्या मुलांना मिळत. आणि हे सोनं आलं कुठून? आपल्याच हिंदुस्थानातून लुटून.’

फोटो खऱ्या तलवारीचा आहे. त्याखालचं एकही वाक्य धड नाही. वाईट याचं वाटतं की ही तलवार कोणी दिली, कोणाला दिली आणि कशासाठी दिली, हे तिच्या पात्यावरच सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचायची तसदी कोणी घेतली नाही, आणि जी खरी गोष्ट होती ती या मजकुराखाली गाडली गेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लढाईत चालवलेली तलवार.’ मजकूर स्वतःचंच म्हणणं इथे खोडतो. तलवार लढाईत चालवलीही, आणि त्याच लढाईबद्दल बक्षीस म्हणून मिळालीही, हे एकदम कसं होईल? ट्रफाल्गारची लढाई, म्हणजे स्पेनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश आरमाराने फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याला हरवलं ती, २१ ऑक्टोबर १८०५ची. तलवारी द्यायचा ठराव झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लंडनमध्ये, आणि मग त्या घडवायला दिल्या गेल्या. म्हणजे लढाईच्या दिवशी ही तलवार अस्तित्वातच नव्हती. शिवाय ती लढण्यासाठी घडवलेलीच नाही. पात्यावरचा निळा रंग म्हणजे रंगकाम नव्हे. पोलाद बेताने तापवलं की त्यावर एक अगदी पातळ निळा थर धरतो, तो हा निळा. त्यावर सोन्याच्या मुलाम्याची नक्षी आणि अक्षरं. अशा पात्याला सहाणेवर धार लावायला घेतली तर धारेबरोबर नक्षीही जाईल. दुसऱ्या जहाजावर उडी घेऊन लढायची वेळ आली की अधिकारी साधी, मजबूत तलवार हातात घेत. खुद्द ब्रिटिश ताफ्याचा सेनापती नेल्सन याच्या कमरेला त्या दिवशी तलवार नव्हती. ती त्याच्या केबिनमध्ये टेबलावर राहिली होती.

या गोंधळाचं मूळ कुठे असावं, याचाही अंदाज बांधता येतो. आरमारी इतिहासात आणखी एका प्रकारच्या तलवारी येतात: शरण आलेल्या शत्रूने हवाली केलेल्या. १४ फेब्रुवारी १७९७ला, सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळच्या लढाईत, नेल्सन ‘सान होसे’ या स्पॅनिश जहाजावर चढला आणि तिथले अधिकारी एकेक करून आपल्या तलवारी त्याच्या हातात देऊ लागले. तो त्या शेजारी उभ्या असलेल्या विल्यम फिअर्नी नावाच्या आपल्या खलाशाकडे देत गेला, आणि फिअर्नी त्या शांतपणे काखेत मारत गेला, जणू सरपणाची मोळी. त्यातली स्पॅनिश ॲडमिरलची तलवार नेल्सनने नॉरिच शहराला भेट दिली. त्या तलवारी रणांगण पाहून आलेल्या. फोटोतली तलवार कारागिराच्या दुकानातून पेटीत बसून आलेली. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली की घोळ होणारच.

‘संपूर्ण सोन्याची.’ नाही. पातं पोलादाचं आहे, हे तर उघडच आहे. परज आणि म्यानावरचं काम साध्या, स्वस्त धातूचं, वर सोन्याचा मुलामा. त्या काळी मुलामा पाऱ्याने चढवत. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा धातूवर फासायचा आणि तापवायचा. पारा उडून जातो, सोन्याचा पातळ थर मागे राहतो. कारागिराच्या फुप्फुसांचं त्यात काय होत असेल, ते सांगायला नको. या तलवारी घडवणारा रिचर्ड टीड, त्याचं दुकान लंडनच्या स्ट्रँड भागात.

सोन्याच्या नादात मुठीकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि खरं काम तिथेच आहे. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात अशी तलवार मी काचेला नाक लावून पाहिली आहे. मूठ हस्तिदंताची. तिच्या माथ्यावर सिंहाचं तोंड, आणि त्याची आयाळ मुठीच्या पाठीवरून खाली उतरलेली. बोटांपुढची कमान म्हणजे हर्क्युलिसची गदा, तिला साप वेटोळे घालून बसलेला. आडव्या दांडीच्या जागी काठ्यांची बांधलेली मोळी, रोमन सत्तेची जुनी खूण. अर्थ असा की एकजूट झाली की हर्क्युलिससारखा पराक्रम होतो, आणि त्याला शहाणपणाची जोड मिळाली की विजय. शहाणपण म्हणजे तो साप.

आता सगळ्यात मोठी चूक. ‘राजाने बक्षीस दिली.’ राजाच्या नावाने ट्रफाल्गारच्या कप्तानांना मिळालं ते सुवर्णपदक. तलवारीशी राजाचा संबंध नाही. पात्यावर लिहिलेलं असतं: ‘लॉइड्स येथील पेट्रिऑटिक फंडाकडून’. लॉइड्स म्हणजे लंडनमधली जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांची बैठक, एका कॉफीच्या दुकानात सुरू झालेली. १८०३ साली फ्रान्सशी पुन्हा युद्ध जुंपलं आणि जुलैमध्ये या मंडळींनी निधी उभा केला. आपल्या गंगाजळीतून वीस हजार पौंड घातले आणि बाकी लोकांकडून वर्गणी गोळा केली. जहाज बुडालं की भरपाई यांनाच द्यावी लागायची, तेव्हा आरमाराचं भलं यांच्या हिशेबाच्या वहीत बसणारं होतं. पण तेवढंच म्हणून त्यांना निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या निधीचं उद्दिष्टपत्र पाहा. आधी जखमींच्या वेदना, मग हातपाय गमावलेल्यांना मदत, मग विधवा आणि पोरकी मुलं. बक्षिसं आणि मानचिन्हं शेवटी. तलवार या यादीत सर्वांत खाली येते.

डिसेंबर १८०५च्या ठरावात हे आकड्यांत दिसतं. हयात कप्तानांना प्रत्येकी १०० पौंडांची तलवार. गंभीर जखमी लेफ्टनंटला १०० पौंड रोख. ज्या साध्या खलाशाचा हात किंवा पाय गेला, किंवा जो कायमचा पंगू झाला, त्याला ४० पौंड. गंभीर जखमीला २०, किरकोळ जखमीला १०. अनुभवी खलाशाचा पगार तेव्हा महिन्याला दीड पौंडाच्या आसपास होता. म्हणजे पायाचे ४० पौंड हा दोन वर्षांहून अधिक पगार झाला, आणि तरीही ती रक्कम कप्तानाच्या तलवारीच्या निम्म्याहून कमी. हा हिशेब मला आजही टोचतो. पण टोचायला तो आधी माहीत हवा, आणि राजाचं नाव घातलं की तोच पुसला जातो.

तलवार नको असेल तर तेवढ्याच किमतीचं चांदीचं भांडं किंवा रोख रक्कम घेण्याची मुभा होती, आणि कित्येकांनी ती घेतली. १८०९ साली निधीने या मानाच्या वस्तू देणं थांबवलं. युद्ध संपायचं नाव घेत नव्हतं, जखमी आणि विधवा वाढत होत्या, पैसा तिकडे लागणार होता. तो फंड आजही चालू आहे.

‘फक्त उमरावांच्या मुलांना.’ तलवारींच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्या हुद्द्यावर ठरत, घराण्यावर नाही. कप्तानाला १०० पौंडांची, लेफ्टनंटला ५० पौंडांची, मिडशिपमन म्हणजे अजून अधिकारी व्हायच्या वाटेवर असलेल्या पोराला ३० पौंडांची. ट्रफाल्गारमध्ये ‘एजॅक्स’ आणि ‘थंडरर’ या जहाजांचे कप्तान दुसऱ्या एका प्रकरणात साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. जहाजं लढवली जॉन पिलफोल्ड आणि जॉन स्टॉकहॅम या लेफ्टनंटांनी, आणि १०० पौंडांची तलवार त्यांनाही मिळाली. जिथे भेदभाव खरोखर झाला तो इथे नाही. तो झाला खाली, डेकवर. साध्या खलाशांना सरकारने तेव्हा पदकसुद्धा दिलं नाही. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने स्वतःच्या खर्चाने पदकं पाडून त्यांना वाटली. सरकारी पदक जाहीर व्हायला १८४७ साल उजाडलं, तोवर कितीतरी जण वारले होते.

राहिलं ‘हिंदुस्थानातून लुटलेलं सोनं’. ईस्ट इंडिया कंपनीने इथून काय नेलं हे कोणी नाकारत नाही, मी तर नाहीच. पण या तलवारीवर तो आरोप ठेवायला काडीचाही पुरावा मजकुरात नाही, आणि मुलाम्याला लागणारं सोनं किती थोडं असतं ते वर आलंच आहे. आपला संबंध आहे, पण तो वेगळा आहे आणि नीट नोंदलेला आहे.

फेब्रुवारी १८०४. चीनमधल्या कँटन बंदरातून माल भरून निघालेला व्यापारी ताफा मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे येत होता. कंपनीची सोळा मोठी जहाजं, शिवाय हिंदुस्थानातल्या बंदरांतून चीनशी व्यापार करणारी अकरा जहाजं. त्यांच्या यादीत ‘आर्देसीर’ आणि ‘शाह किसनदास’ अशी नावं आहेत. सोबतीला बड्या युद्धनौका नव्हत्या. पुलो ऑर बेटापाशी फ्रेंच ॲडमिरल लिन्वा युद्धनौका घेऊन टपून बसला होता. ताफ्याचा प्रमुख नॅथॅनिएल डान्स याने आपल्या काही जहाजांवर आरमाराची निशाणं चढवली, कंपनीची जहाजं रांगेत उभी केली आणि लहान जहाजं त्यांच्या आडोशाला घातली. लिन्वाला वाटलं, यात खऱ्या युद्धनौका आहेत. पाऊण तासाच्या आत त्याने माघार घेतली, आणि डान्सच्या व्यापारी जहाजांनी उलट त्याचाच दोन तास पाठलाग केला.

त्याबद्दल पेट्रिऑटिक फंडाने डान्सला १०० पौंडांची आणि त्याच्या कप्तानांना ५० पौंडांच्या तलवारी दिल्या. म्हणजे याच मालिकेतल्या काही तलवारी आशियाच्या समुद्रातल्या कामगिरीच्या आहेत, आणि ज्यांना मिळाल्या ते आरमाराचे नव्हे, व्यापारी जहाजांचे कप्तान होते. मालाचा विमा उतरवणारे केवळ लंडनमध्येच नव्हते. ‘बॉम्बे इन्शुरन्स कंपनी’ने डान्सला वेगळे ५००० पौंड दिले. ते पैसे आपल्या मुंबईतून गेले.