दोन टिंबांची आरती

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरतीच्या स्पर्धा जाहीर होतात, आणि मंडळात ज्याच्याकडे लॅपटॉप असेल त्याच्या कपाळी प्रवेशिकांचे ईमेल येतात. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमका कितें, एक बटण दाबपाचें’ असं म्हणून अध्यक्ष नारळ मोजायला निघून जातात. पत्रकात नमुना स्वच्छ छापलेला असतो: पथकाचे नाव, गाव, तालुका, घुमट वाजवणाऱ्यांची संख्या, शामेळवादक (शामेळ हे साथीचं तालवाद्य), मोबाईल. ओळीला एक लेबल, मध्ये दोन टिंबं, पुढे उत्तर. ही उत्तरं ईमेलांतून उचलून तक्त्यात भरायची, तर टिंबांपाशी ओळ तोडली की झालं. पायथॉन या संगणकभाषेतली वीस ओळींची स्क्रिप्ट.

या वीस ओळी पहिल्याच ईमेलला गप्प बसतात. ईमेलचा जन्म इंग्रजी अक्षरांसाठी झाला. देवनागरी त्यातून धाडायची तर बहुतेकदा बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल अशा पुरचुंडीत बांधून. कोटेड-प्रिंटेबलमध्ये देवनागरीच्या एका चिन्हाचे तीन बाइट आणि दर बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एकट्या ‘न’ला नऊ. काना आणि मात्रा यांनाही वेगळे नऊ-नऊ, आपल्याकडे कुणाला कमी लेखत नाहीत. ओळ मात्र ७६ अक्षरांपुढे नेता येत नाही. आता ‘पथकाचे नाव’चा हिशेब करा: नऊ चिन्हं म्हणजे ८१ अक्षरं, मधली एक मोकळी जागा, एकूण ८२. नुसतं लेबलच ओळीत मावत नाही, ते मध्येच मोडून पुढच्या ओळीत जातं. कच्च्या फाइलीत ‘नाव’ शोधणारा जन्मभर शोधत राहील.

म्हणून आधी पुरचुंडी सोडायची. पायथॉनचं ईमेल मॉड्यूल हे निमूट करतं, फक्त पॉलिसी (ईमेल कसा वाचायचा याचे नियम) ‘डिफॉल्ट’ असं आपण स्वतः लिहावं लागतं. न लिहिल्यास दुसरीच जुनी पॉलिसी लागू होते. (ज्या पॉलिसीचं नाव डिफॉल्ट ती डिफॉल्ट नाही. नाव ठेवणाऱ्याला कुणी बारशाला बोलावू नये.) मग साधा मजकूर मागायचा, तो नसेल तर एचटीएमएल, म्हणजे मांडणीच्या खुणा (टॅग) घातलेला मजकूर. एचटीएमएलचे टॅग उडवण्याआधी ओळ आणि परिच्छेद तोडणाऱ्या टॅगांच्या जागी खरी नवी ओळ घालायची, नाहीतर सगळी प्रवेशिका एका श्वासात म्हटलेल्या आरतीसारखी एकाच ओळीत येते.

आता मजकूर डोळ्यांना दिसतो. ‘नावः’ असं ठळक दिसतं, पुढे पथकाचं नावही दिसतं, आणि स्क्रिप्ट म्हणते: नाव दिलेले नाही. फाँट बदला, चष्मा पुसा, तेच उत्तर. कारण ती दोन टिंबं अपूर्णविरामाची नाहीत, विसर्गाची आहेत. फोनवरच्या मराठी कळफलकावर विसर्ग हाताशी सापडला की दोन टिंबं ती दोन टिंबं, अशा समजुतीने माणूस पुढे जातो. आपल्या डोळ्यांनाही ती सारखीच. यंत्रासाठी मात्र एक आहे एका बाइटचा परदेशी पाहुणा आणि दुसरा तीन बाइटांचा घरचा माणूस.

इथे मोह होतो की सगळे विसर्ग बदलून अपूर्णविराम करून टाकावेत. तसं केल्यास ‘शामेळवादक स्वतः’ या उत्तराचं शेपूट तुटतं आणि शेऱ्यातल्या ‘दुःखा’चे दोन तुकडे होतात. विसर्गाला टिंबं मानायचं ते फक्त ओळीच्या सुरुवातीला, ओळखीच्या लेबलाला चिकटून आलेला असेल तेव्हाच. आणि ओळ पहिल्याच खुणेशी एकदा तोडायची, दर खुणेशी नाही. नाहीतर ‘वेळ: १०:३०’ मधली तीस मिनिटं कायमची जातात.

शाळेत अर्जलेखन मन लावून शिकलेले लोक ‘घुमट :- ४’ असं लिहितात. टिंबांनंतरची ती आडवी रेघ काढली नाही तर पथक उणे चार घुमट घेऊन येतं.

लेबलांचीही रूपं अनेक. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतल्या ‘नांव’, ‘गांव’वरचा अनुस्वार उतरवला, पण कोकणीत तो हक्काने बसलेला आहे. गोव्यात एकच हात दोन्ही भाषा लिहितो, तेव्हा यादीत दोन्ही रूपं हवीत. इथे चूक काढणाऱ्याला प्रवेशिका मिळणार नाहीत. ‘वाजवणाऱ्यांची’ हा शब्द तर खास सापळा. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: टिंबवाला ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला जुळे भाऊ, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. आधी दुसऱ्या तऱ्हेला पहिलीत बदलायचं आणि मगच अदृश्य चिन्हं पुसायची. क्रम उलटा केला की ‘वाजवणार्यांची’ होतं, रफार डोक्यावर चढतो.

आकड्यांचं त्या मानाने बरं. पायथॉन ‘४’ला मुकाट्याने चार मानतं, इंग्रजी शून्य ते नऊ असा पल्ला आपणच लिहून ठेवला असेल तरच मराठी आकडे गळतात. ‘४ (एक फुटला आहे, चवथीपर्यंत आणतो)’ याचं काय करायचं ते मंडळाने ठरवावं. तालुके बाराच असल्याने यादी करून पडताळा घेता येतो, फक्त डिचोलीशेजारी बिचोलिम, सासष्टीशेजारी साल्सेत आणि बार्देशशेजारी बार्देझ लिहायचं. तालुक्याच्या जागी ‘मडगाव’ आलं तर सासष्टी समजावं आणि वाद घालू नये.

उत्तरादाखल आलेल्या ईमेलांत खाली जुना मजकूर लटकलेला असतो. ‘अमक्याने अमुक तारखेला लिहिले:’ ही ओळही टिंबांनी संपते, म्हणून ओळखीचं लेबल नसेल त्या ओळीला हात लावायचा नाही, आणि बाणाच्या (>) खुणेने सुरू होणाऱ्या ओळी आधीच गाळायच्या. नाहीतर आपल्याच पत्रकातला कोरा नमुना स्पर्धेत उतरतो.

सगळं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या फाइलीत) भरून एक्सेलमध्ये उघडलं की मराठीची जिलबी होते. फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ती थांबते. पण ०८३२ने सुरू होणाऱ्या फोनचं शून्य एक्सेल तरीही गिळतं. फाइल थेट न उघडता आयात करायची आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ सांगायचा. अध्यक्ष फाइल डबल क्लिकनेच उघडतात, त्याला उपाय नाही.

स्क्रिप्टला अंदाज बांधायला मी कधीच सांगत नाही. एखादं लेबल सापडलं नाही की तो ईमेल ‘उरलेले’ नावाच्या फोल्डरात, आणि ते हाताने वाचायचे. त्यात दर वर्षी एक ईमेल असतोच, सगळा मिळून दोन वाक्यांचा: ‘गेल्या वर्षासारखेच धरा. फक्त एक घुमट वाढला आहे.’